मांजराच्या कॅमेऱ्यातले घट

मला फक्त मांजर बघायचं होतं. दुसरं काही नको होतं. पण आमच्या घरात साधी गोष्ट साधी राहील तर शपथ.

मांजर म्हातारं आहे. अंगावर करडे पट्टे, एक कान फाटका, आणि स्वभाव असा की हाक मारली तर मुद्दाम पाठ करून बसणार. गणपतीच्या दिवसांत त्याचं पोट बिघडलं. खाल्लेलं अंगी लागेना, मागचं अंग सारखं घाण, पाठीवरून हात फिरवला की हाडं लागायची. म्हशीला बघायला जनावरांचे डॉक्टर आले होते. मी आतून ह्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, म्हटलं की मांजराचं पण विचारा. ह्यांनी हसत हसत विचारलं, बायकोचं खूळ आहे तेवढं बघा अशा आवाजात. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी मांजर उचललं, पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "दूध बंद. थेंबभरसुद्धा नको. पातळ पेज द्या, उकडलेलं अंडं कुस्करून द्या, आणि ह्या पुडीतलं औषध चिमूटभर त्यात घाला."

म्हशींच्या घरात मांजराला दूध बंद, हे ऐकून आमची म्हैससुद्धा मान वळवून बघायला लागली असेल. पण मी बंद केलं. धार काढताना मांजर पायात यायचं, मी त्याला पायानेच बाजूला सारायची. मला वाईट वाटायचं, पण मांजर सुधारत होतं. अंडं खायला लागलं, अंग चाटायला लागलं. पितृपंधरवड्यात तर एकदा धान्याच्या कोठीवर उडी मारून बसलेलं दिसलं, तेव्हा मला वाटलं, जगलं हे.

आणि मग मुलीचा फोन आला.

मुलगी सांगलीत विश्रामबागेत राहते. दिवस भरायला अजून वेळ होता, पण डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं. जावई सकाळी कामावर जातात ते दिवे लागल्यावर येतात. मी जायला पाहिजे होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मांजर बरोबर न्यावं असं मनात आलं होतं, पण मुलगी म्हणाली, "आई, डॉक्टरांनी मांजराजवळ बसू नका म्हणून बजावलंय. आणि ते इथं दुसऱ्या मजल्यावर राहणार हाय का?" राहिलं नसतं. कुत्रं माणसाच्या मागं जातं, मांजर घर धरून राहतं.

ही अडचण मिलिटरीतल्या मुलाला कळली. त्याने तिकडूनच मोबाइलवर एक कॅमेरा मागवला आणि तो कुंडलजवळच्या आमच्या मळ्यात पार्सलने आला. आमच्या घरात फोन, टीव्ही, मिक्सर सगळं आहे, पण हे म्हणजे पांढऱ्या अंड्यासारखं काहीतरी, मधे एक काळा डोळा. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, ह्यातनं तुला सांगलीत बसून मांजर दिसंल. आणि बटण दाबून बोललीस की तुझा आवाज घरात येईल." मी म्हटलं, "बोलायचं काही न्हाई. दिसलं की बास."

ह्यांनी तो माजघरातल्या फडताळावर ठेवला आणि त्याचं तोंड कोठीखालच्या पोत्याकडे केलं, कारण मांजर तिथंच निजतं. अंडं गोठ्यातल्या चुलीवर उकडायचं आणि मांजराला गोठ्यात नेऊन खायला घालायचं, असं आमचं ठरलं. कारण दोन दिवसांनी घट बसणार होते आणि नवरात्रात आमच्या घरात वशाट शिजत नाही, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. हे म्हणाले, "मी बघतो सगळं. तू निर्धास्त जा." ह्या वाक्यावर मी आजवर किती वेळा फसले आहे ते सांगत बसत नाही.

आता थोरल्या दिरांचं सांगायला पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल.

हे आणि थोरले दीर एकाच घरात राहतात. जाऊबाई वारल्या. दीर माणूस भला आहे, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण आमच्याकडे थोरल्या दिरासमोर भावजय बोलत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाही, आणि तेही माझ्याशी. ते उंबऱ्यात आले की खोकतात, मी आत जाते. जाऊबाई होत्या तोवर त्या निरोप इकडचे तिकडे करायच्या. त्या गेल्यावर निरोप हवेतून जायला लागले. ते बाहेर सोप्यात बसून म्हणणार, "आमटीत मीठ जरा कमी हाय म्हणं." आणि मी आतून मिठाचा डबा उंबऱ्यावर सरकवणार. कुणी कुणाला काही म्हटलं नाही, आणि मीठ मात्र पोचलं. असं आमचं वर्षानुवर्षं चाललं आहे आणि त्यात कुणाचं काही अडलं नव्हतं.

नवरात्रात दीर कडक असतात. आमची कुलदेवी औंधची यमाई. घट बसायच्या आधी ते औंधला जाऊन येतात, तिथलं कुंकू आणतात, आणि मग नऊ दिवस माजघरात घटासमोर घोंगडी टाकून बसतात. पायात चप्पल नाही, खाटेवर निजणं नाही, फोन कपाटात. खायला एक वेळ केळं आणि दूध. घट कुठं बसतात? माजघरात. कोठीच्या समोरच्या भिंतीला. म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड नुसतं वळवलं, की घट.

हे मला आधी सुचायला पाहिजे होतं, पण सुचलं नाही.

मी विश्रामबागेत पोचले. पहिल्या दिवशी सगळं ठीक होतं. मुलीने माझ्या फोनवर ते दाखवलं. माजघर, कोठी, पोतं, पोत्यावर मांजर. त्याने कान हलवला की फोन टुंग वाजायचा आणि वर अक्षरं यायची, हालचाल आढळली. मला फार बरं वाटलं. कणीक मळताना मी फोन डब्याला टेकवून उभा करून ठेवला होता.

घट बसले त्या दिवशी सकाळी मी बघतेय, तर पडद्यावर एकदम एक भलामोठा हात आला. मग सगळं घर गरगर फिरलं. फिरायचं थांबलं तेव्हा समोर घट होते, पानांची पहिली माळ होती, अखंड दिवा होता, आणि दिराची पाठ होती. त्यांनी आरती केली. आरती झाल्यावर ताट घेऊन ते कॅमेऱ्यासमोर आले, ताट ओवाळलं, आणि हवेला म्हणतात तसं म्हणाले, "घ्या दर्शन."

मी डोक्यावरून पदर घेतला आणि उभी राहिले.

मुलगी पलंगावरून म्हणाली, "आई, ते तुला बघत न्हाईत. तू त्यांना बघतीयस."

"मग काय झालं," मी म्हटलं.

"अगं, बस की खाली."

मी बसले नाही. आरतीचं ताट समोर असताना कसं बसायचं. हात जोडले. ताट गेलं, आणि कॅमेरा तसाच राहिला. दिवसभर मला घट दिसले. अखंड दिव्याची ज्योत हलली की फोन टुंग. वाऱ्याने ज्योत हलते, म्हणजे दिवसभर टुंग टुंग. मांजर कुठं आहे, काय खातंय, काही नाही. देवीला हात जोडून सारखं मनात म्हणायचं की आई, जरा बाजूला हो, मला मांजर बघायचं आहे. हे बरं दिसतं का?

मी ह्यांना फोन लावला. हे रानात सोयाबीन काढायला लागलेले. म्हटलं, "कॅमेरा फिरवलाय दादांनी. त्यांना सांगितलं न्हाई का, कशासाठी लावलाय ते?"

"सांगितलं की."

"काय सांगितलं?"

"तुला घरचं दिसावं म्हणून लावलाय, असं सांगितलं."

"मांजराचं न्हाई सांगितलं?"

"आता मिलिटरीतनं पोरानं मांजर बघायला कॅमेरा पाठवला असं कुठं सांगू? लोकं काय म्हणतील?"

"लोकं कुठली? ते तुमचे भाऊ आहेत."

"बरं, दुपारी जाऊन फिरवतो."

दुपारी ह्यांनी फिरवला. मांजर दिसलं, पोत्यावर होतं. संध्याकाळच्या आरतीला परत हात आला, परत घर गरगर फिरलं, परत घ्या दर्शन. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. हे दुपारी घरी आले तर फिरवायचे, नाही आले तर राहिलं. दिरांना वाटायचं, कुणीतरी येताजाता धक्का मारतंय. चौथ्या माळेला त्यांनी कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन नारळ लावून ठेवले, हलू नये म्हणून. मुलगी हसून हसून लोळली, आणि मी तिला सारखं सांगत होते की अगं, पोटावर ताण येईल.

त्यांचा हेतू वाईट नव्हता, ते मला कळत होतं. घरची बाई सांगलीला अडकली, तिला घरचे घट दिसावेत, म्हणून माणूस उपाशीपोटी उठून तिच्यासाठी कॅमेरा वळवतोय. ह्यात राग तरी कुणावर धरायचा? त्यामुळे माझा राग जास्तच वाढत होता.

मग वाटी दिसली.

घटाच्या खाली, घोंगडीच्या कडेला, पितळेची वाटी. दीर स्वतःच्या पेल्यातलं दूध तिच्यात ओततात आणि "ये" म्हणतात. मांजर येतं. शेपटी पडद्याच्या कोपऱ्यातून आत येते, मग सगळं मांजर, आणि ते लपालपा पितं. मी फोन दोन्ही हातांनी धरला. परत ह्यांना फोन.

"तुम्ही अंडं घालताय का न्हाई?"

"ते गोठ्यात यायलाच तयार न्हाई. दोनदा नेलं उचलून, परत पळून आलं आत."

"मग पेज?"

"मला येत न्हाई गं पेज. आणि दादा म्हणाले, मी घालतो त्येला दूध."

"डॉक्टरांनी बंद केलंय ना दूध."

"मी म्हटलं त्यांना. तर म्हणाले, मी नऊ दिस ह्याच दुधावर काढतोय, मला कुठं काय होतंय? नैवेद्याचं दूध हाय, बाधायचं न्हाई."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? उपाशी माणूस. स्वतःतलं काढून मांजराला देतोय. नवरात्रात त्यांचं मन मोडू का?"

मागे मळणीयंत्राचा आवाज यायला लागला आणि हे "हॅलो, हॅलो" करायला लागले. ऐकू येत असूनही माणूस हॅलो हॅलो करतो ते मला ओळखू येतं.

मुलगी म्हणाली, "आई, त्यात बटण आहे. दाब आणि बोल."

"मी?"

"मग कोण?"

"त्यांच्याशी?"

मुलीने कपाळावर हात मारला. "बरं, मी बोलते." तिने फोन घेतला, बटण दाबलं आणि म्हणाली, "थोरले बाबा, ऐकू येतंय का?"

दीर दचकले. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि चेहरा असा फुलला की मला तो चेहरा असा कधी दिसलाच नव्हता. माझ्यासमोर ते कायम खाली बघून असतात. "बाय, तू व्हय? बरी हाईस का? आई बघतीय न्हवं आरती?"

"बघती की. थोरले बाबा, मांजराला दूध देऊ नका. त्याला बाधतंय. डॉक्टरांनी सांगितलंय."

दीर हसायला लागले. "आगं, सांगलीला जाऊन लय शानी झालीस. मांजराला कवा दूध बाधतंय? उद्या म्हणशील, म्हशीला वैरण बाधती."

"खरंच सांगते. आईनंच सांगितलंय."

"तुझी आई कवा बोलती का? तिचं नाव पुढं करू नगंस. पडून ऱ्हा गप, तब्येतीला जप." आणि ते परत पोथी वाचायला बसले.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी भाजी निवडायला घेतली. काय करणार होते मी?

मांजर उतरत चाललं होतं. ते कळायला फार दिसावं लागत नाही. चाल बघितली तरी कळतं. आधी वाटीकडे चालत यायचं, मग रेंगाळत यायला लागलं, मग दीर त्याला उचलून वाटीपाशी आणायला लागले. घोंगडीच्या कोपऱ्यावर डाग पडला तो त्यांनी फडक्याने पुसला. एकदा मांजराने ओकारी काढली, आणि त्यांनी काय करावं? त्यांनी त्याच्या अंगाला देवीचा अंगारा लावला आणि वर आणखी दूध दिलं. मी फोन उपडा घातला आणि दहा मिनिटं घरात नुसती फिरले. मुलीचं घर केवढं, इकडून तिकडे चार पावलांत संपतं.

खंडेनवमीच्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पूजतात. विळे, खुरपी, कोयते, पाण्याची मोटर, तिचा स्टार्टर, ट्रॅक्टर, सगळं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकू लावतात. ज्या वस्तूने वर्षभर काम केलं तिचे पाय धरायचे, असा तो दिवस. मीही घरी असते तर मिक्सरला आणि पाट्यावरवंट्याला लावते. सकाळी मी फोन उघडला. दीर ओळीने सगळ्याला हळदकुंकू लावत माजघरातून फिरत होते. विळीला लावलं. टीव्हीला लावलं. मग कॅमेऱ्याकडे वळले.

मी म्हटलं, "नको."

माझा आवाज तिकडे जात नव्हता, बटण दाबलेलं नव्हतं. त्यांनी झेंडूची माळ घातली, तर अर्धा पडदा पिवळा झाला. मग ओल्या कुंकवाचं बोट आलं, मोठं होत होत आलं, आणि बरोबर डोळ्यावर टेकलं. सगळं लाल झालं. मधे थोडं काळं, कडेनं लाल, आणि मागून आवाज.

ह्यांना फोन. "डोळ्याला कुंकू लावलंय. काही दिसत न्हाई. पुसा."

"कुठलं कुंकू?"

"कुंकू म्हणजे कुंकू."

"औंधचं हाय ते. दसऱ्यापर्यंत कसं पुसायचं? सीमोल्लंघन झालं की पुसतो."

"मांजर मरायला लागलंय हो."

"तुला कुठं दिसतंय? तूच म्हणतीस काही दिसत न्हाई."

मी फोन ठेवला. हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं, त्यांचं बोलणं संपायच्या आधी फोन ठेवणं. मुलीने उशाची पाण्याची बाटली पुढं केली.

लाल पडद्यातून आवाज येत होते. मांजर खोकल्यासारखं, ओकल्यासारखं करत होतं, आणि मधूनच बारीक रडत होतं. हे मांजर कधी रडत नाही. मग दिरांचा आवाज, हळू, जवळून.

"घे. एवढं घे. न्हाई खाल्लंस तर कसं व्हायचं? ती तिकडं गेलीय आन तू हितं असं कराय लागलास. आल्यावर तिला काय सांगू मी? घे की."

आणि वाटी जमिनीवर सरकल्याचा आवाज.

मी बटण दाबलं. त्यांना काय म्हणून हाक मारायची तेच मला कळेना. कधी मारलीच नव्हती. ह्यांच्या तोंडात असायचं तेच तोंडात आलं.

"आवं दादा, दूध देऊ नगा."

तिकडे वाटी सरकायची थांबली. मांजरसुद्धा गप्प झालं, की मलाच ऐकू आलं नाही, कोण जाणे.

"कोन?" ते म्हणाले.

"मी बोलतीय. सांगलीतनं. त्येला दूध देऊ नगा. दुधानंच त्येचं पोट गेलंय. डॉक्टरनी गणपतीतच बंद केलंय. आता आणि पाजलंत तर मरंल ते."

ते खोकले. उंबऱ्यात येताना खोकतात तसं. आणि मी विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर, उठून स्वयंपाकघरात निघाले. मुलीने माझा पदर धरून मला परत बसवलं.

"मग काय द्यायचं म्हणं?" दीर म्हणाले. अजूनही हवेलाच.

"भाताची पेज. पातळ करा, मीठ घालू नगा. फडताळात खालच्या कप्प्यात औषधाची पुडी हाय, त्यातलं चिमूटभर घाला. आणि ह्यास्नी मळणीवरनं बोलवा. डॉक्टरला आणायला सांगा. आजच."

"बरं."

एवढं मी सलग कधी बोललेच नव्हते, घरच्यांशीसुद्धा नाही. पण अजून एक राहिलं होतं, आणि ते आता नाही तर कधीच निघालं नसतं.

"आणि कॅमेरा मांजरासाठी लावलाय."

"क्काय?"

"पोरानं मांजर बघाया पाठवलाय. देवीसाठी न्हवं."

मग ते म्हणाले, "मग इतकं दिस आमी आरती कुनाला दावत हुतो?"

मुलीने उशी तोंडात कोंबली. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

"मला वाटलं," दीर म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी हवेला म्हटलं नाही, "घरात घट बसल्यात आन घरची लक्ष्मी परगावी. तिला दर्शन नगं व्हय? म्हनून म्या..."

भांडायला माणूस पाहिजे तर असा माणूस समोर येतो. मी म्हटलं, "दर्शन घेतलं की. रोज घेतलं." ते खोटं नव्हतं. उभं राहून, पदर घेऊन, हात जोडून घेतलं होतं.

मग पडदा हलला. लाल रंग पसरला, फिकट झाला, आणि पांढरं फडकं दिसलं. ते त्यांचं उपरणं होतं. औंधचं कुंकू त्यांनी स्वतःच्या उपरण्याने पुसलं, खंडेनवमीच्या दिवशी, आणि नारळ बाजूला काढून कॅमेरा कोठीकडे वळवला. कुंकवात तेल असणार, सगळं धुक्यातून दिसल्यासारखं दिसत होतं. पण मांजर दिसलं. पोत्यावर पसरलं होतं, पोट वर-खाली होत होतं, डोळे अर्धे मिटलेले. दीर त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि मग उठून तांदूळ शोधायला गेले. तांदूळ कुठं आहेत ते त्यांना माहीत नव्हतं. तेही मला सांगावं लागलं. पातेलं कुठलं, तेही. गॅस कसा लावायचा तेवढं त्यांना येत होतं.

दुपारी हे डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी मांजराला सुई दिली, कातडीखाली सलाईनचं पाणी सोडलं, आणि मग विचारलं, "दूध पाजलं का?"

दिरांनी मान डोलावली.

"मी बंद म्हणून सांगितलं होतं ना?" डॉक्टर म्हणाले.

"पोरगी म्हनली हुती, मला थट्टा वाटली," दीर म्हणाले, आणि ह्यांच्याकडे बघितलं. "गड्या, तू म्हनालास, बायकोला वाटतंय की बाधंल. डॉक्टरनी सांगितलंय, ह्ये कवा म्हनालास?"

हे खाली बघत होते. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते. कॅमेरा लावल्यापासून तेवढं एकच मला नीट बघायला मिळालं आणि मी ते शेवटपर्यंत बघितलं.

डॉक्टर जाताना म्हणाले, "उद्यापर्यंत पेज पोटात टिकली तर वाचंल. ओकलं तर मग अवघड हाय."

त्या दिवशी मुलीच्या घरी कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. जावई घरी आल्यावर त्यांनी विचारलं, काय झालं, तर मुलीने त्यांना सगळं सांगितलं, आणि ते सांगताना परत हसली. मी मधेमधे फोन उघडायची. दर वेळी दीर पोत्यापाशी असायचे, एका हातात चमचा, एका हातात वाटी. घटाकडे पाठ.

दसऱ्याला सकाळी मी फोन उघडला तर पोतं रिकामं होतं. मी फोन डोळ्यांजवळ नेला. मग कोपऱ्यात, कोठीच्या पायाशी, मांजर पुढचा पाय चाटताना दिसलं. मोठं काम चालल्यासारखं, मधे थांबून, दम घेऊन. तेवढ्यात दिरांचा आवाज आला.

"टिकली."

मला सांगत होते की स्वतःला, ते कळलं नाही. मी बटण दाबून "बरं" म्हटलं.

दसरा झाला. घट उठले, शेजारून आलेल्या पुरणपोळीने उपास सुटले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलीचे केस विंचरत होते तर फोनमधून हाक आली. "ऐकतीयास न्हवं?" कुणाला म्हणताहेत ते कळायला मला वेळ लागला. मलाच म्हणत होते. दीर कॅमेऱ्यासमोर उभे, हातात एक अंडं, दोन बोटांत धरलेलं, जसं काही ते चावणार आहे. त्यांनी जन्मात अंडं हातात धरलं नव्हतं. ते वशाट खात नाहीत, नवरात्रातही नाही आणि एरवीही नाही.

"हे किती शिजवायचं?"

"तुम्ही कशाला, ह्यास्नी सांगा की."

"त्यो गेलाय रानात. आन त्येला सांगून काय हुतंय, ते बघितलंय न्हवं?"

ते खरं होतं. मी म्हटलं, "पाण्यात घाला. उकळी फुटल्यावर धा मिनिटं ठेवा."

"पानी किती?"

"बुडंल एवढं."

"मीठ?"

"न्हाई हो. सांगितलं ना, मीठ न्हाई."

मी त्यांच्यावर खेकसले. मुलीने हातातला आरसा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. दीर अंडं घेऊन गोठ्याकडे गेले. परत आले तेव्हा ताटलीत अंडं होतं, सोललेलं, पण सोलताना निम्मं पांढरं टरफलाबरोबर गेलेलं. ते खाली बसले आणि बोटांनी कुस्करायला लागले. नाक दुसरीकडे करून. पेजेत कालवलं, आणि ताटली पोत्यापाशी सरकवली.

मांजराने वास घेतला. मग पाठ फिरवली.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "तुम्ही बघत असलात की ते खात न्हाई."

"मग तू बी बघू नगंस."

मी फोन उपडा केला. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "खाल्लं." मी फोन सुलटा केला. धुक्यातून ताटली दिसली, तळाला थोडं राहिलं होतं, मांजर तिच्या कडेला बसून मिशा पुसत होतं.

"सगळं न्हाई खाल्लं," मी म्हटलं.

"उद्या खाईल."

मग पुढं काय बोलायचं ते त्यांना कळेना आणि मलाही कळेना. बोलायची सवयच नव्हती कधी. कॅमेरा कसा बंद करायचा ते त्यांना माहीत नाही, आणि फोन आधी आपण ठेवावा की नाही ते मला कळेना. ते तिथंच बसून राहिले, मांजराकडे बघत. मीही बसून राहिले. शेवटी मीच म्हटलं, "ठेवू का?"

"ठेव," ते म्हणाले. "संध्याकाळी पेज केली की हाक मारतो."